पत्रपेटी साठाव्या पातळीवर

पन्नासावी पातळी आली तेव्हा ती कपडे बदलायच्या खोलीतल्या लाकडी बाकावर बसली होती. एका पायात रबरी चप्पल होती, दुसरी बाकाखाली कुठेतरी सरकली होती. फोनच्या पडद्यावर सोनेरी कागदाचे कपटे उडाले, एक कोंबडा छाती फुगवून आरवला आणि तिने खेळात घेतलेल्या नावाने अक्षरं उमटली: अभिनंदन, पाणकोंबडी. तुमच्या बागेत आजपासून एक सेवक राहायला आला आहे. शेजाऱ्यांना रोज बियांची पिशवी पाठवायचं काम आता तो करील. तुम्ही विसरलात तरी तो विसरणार नाही. त्याच्या खाली, औषधाच्या पाकिटावर असतात तशा बारीक अक्षरांत, आणखी एक ओळ होती: नव्या बदलानुसार पत्रपेटी आता साठाव्या पातळीवर मिळेल. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग ती बराच वेळ बाकाखाली पायाने चप्पल चाचपत राहिली. चप्पल सापडल्यावरही पाय तिच्यात घालायचं तिला सुचलं नाही.

पत्रपेटीसाठीच तर हे सगळं चाललं होतं. खेळ तसा साधा, ती पोहायला शिकवते त्या तलावावरच्या मुलांनी शिकवलेला. मुलं काठावर बसून एकमेकांत बटाटे, झारी, खिळे असलं काहीतरी बोलत असायची. आपल्या मुलांची भाषा आपल्याला कळत नाही हे तिला खपेना, म्हणून तिने तो फोनवर घेतला. फुकट आहे बाई, एक पैसा लागत नाही, असं मुलांनी बजावून सांगितलं होतं. तुम्हाला एक वाफा मिळतो. त्यात बटाटे लावायचे, पाणी घालायचं, काढायचे, धुवायचे, पोत्यात भरायचे. पोती झाली की पातळी चढते. पहिल्या पातळीला दोन बटाट्यांत झोपडी मिळाली, तिसऱ्या पातळीला बदक मिळालं, आणि प्रत्येक वेळी तो कोंबडा असा आरवला की जणू जगात बटाटा पहिल्यांदा तिनेच पिकवला. ती मुलांना शिकवणारी बाई. तिला हे ओळखू आलं, आवडलंही. पहिल्या दिवशी मुलाने नुसते गाल बुडवले तरी आपणही असंच कौतुक करतो. पण पुढे खेळाने वेगळी वाट धरली. विसाव्या पातळीनंतर बटाटे उगवायला वेळ लागू लागला. तिसाव्यानंतर पोत्याला खिळे लागू लागले. पोत्याला खिळे कशाला, हे विचारायची सोय नव्हती. खिळे खाणीत मिळायचे, खाण खणायला कुदळ हवी, कुदळीची धार दर थोड्या वेळाने जायची, आणि ती लावायची तर वाळूचं घड्याळ संपेपर्यंत थांबा, नाहीतर पैसे टाका. पैसे तिने टाकले नाहीत. त्यात तत्त्व वगैरे नव्हतं, हट्ट होता. ती थांबली. चहा उकळेपर्यंत, केस वाळेपर्यंत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत तिने खणलं, धुतलं, भरलं. अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक ठणका बसला, तोही तिने पोसला. पातळी जितकी वर जाई तितकं काम वाढे, आणि ती जागच्या जागीच राही. कधीकधी तिला वाटे, हे शिकवणाऱ्याचं काम नाही. शिकवणाऱ्याला कधीतरी असं वाटत असतं की हे मूल आता आपल्याला सोडून जावं, त्याला आपली गरज उरू नये. या खेळाला तसं काही वाटत नव्हतं. तरी ती खणत राहिली, कारण पन्नासाव्या पातळीला पत्रपेटी होती. शेजाऱ्याच्या दारात जाऊन तिच्यात चार शब्द टाकता आले असते, आणि तिचा एकुलता एक शेजारी म्हणजे तिचा भाऊ होता.

तिच्या फोनमध्ये त्याचा नंबर होता. खेळाने तो तिथूनच उचलला होता: हा माणूस तुमच्या ओळखीचा दिसतो, त्याला शेजारी करायचं का? खाली त्याने स्वतःला दिलेलं नाव होतं, लिफ्टवाला. तेव्हा ती हसली होती. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, निवृत्त होऊन घरी बसला, तरी नाव घ्यायचं तर हेच. तिने कसलाही विचार न करता हात हलवायचं चित्र दाबलं, आणि मग दिवसभर आपण हे काय करून बसलो म्हणून मनात चडफडत राहिली. आईला जाऊन तेव्हा बरेच महिने झाले होते. दवाखान्याच्या जिन्यावर त्यांचं बोलणं संपलं होतं ते संपलंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बागेच्या फाटकाशी एक निळी पिशवी होती. लिफ्टवाल्याकडून बिया. तिनेही एक पाठवली. तेव्हापासून एक सकाळ अशी गेली नाही की पिशवी आली नाही, आणि एक सकाळ अशी गेली नाही की तिने पाठवली नाही. तापात, प्रवासात, एकदा दात काढून तोंडात कापूस धरून बसली होती तेव्हासुद्धा. सकाळी डोळे उघडले की आधी पिशवी. आली म्हणजे तो उठला. चष्मा लावून, खिडकीपाशी खुर्ची ओढून, जाड बोटाने नेम धरून त्याने ते चित्र दाबलं. त्याच्या बोटांना वंगणाचा वास असायचा, साबणाने न जाणारा. तो वाससुद्धा त्या पिशवीला येतोसं तिला वाटे. बोलत नाही, पण रोज पाठवतो. ही माफीच, दुसरं काय. असं बघून बघून तिच्या पोटातला दगड झिजला होता. कधी झिजला ते कळलं नाही, पण एकदा आंघोळ करताना तिने तो भांडणाचा दिवस मुद्दाम आठवून पाहिला आणि तिला राग आला नाही. तेव्हापासून तिने पत्रपेटीत टाकायचं वाक्य जुळवायला घेतलं होतं.

आणि आता सेवक. तुम्ही विसरलात तरी तो विसरणार नाही. तिने शेजाऱ्याचं चित्र उघडलं. लिफ्टवाला, पातळी बावन्न. म्हणजे पन्नासावी त्याने तिच्या कितीतरी आधी गाठली होती, आणि त्याच्याही बागेत असाच एक सेवक राहायला गेला होता. बावन्न. हा आकडा शेवटचा कधी बदलला? तिला आठवेना. त्रेपन्न कधी पाहिलेलं नव्हतं हे नक्की. एक्कावन्न पाहिलं होतं, पण ते खिडक्या बंद ठेवायच्या थंडीतलं की त्याच्याही आधीचं? रोज जी गोष्ट डोळ्यांसमोर होती ती तिने कधी पाहिलीच नव्हती. ती पिशवी पाहत होती.

शिट्टी वाजली. सकाळची पहिली बॅच काठावर येऊन उभी होती, गुडघे एकमेकांवर घासत. तिने फोन कपाटात ठेवला आणि पाण्यात उतरली. पाणी छातीपर्यंत आलं की एरवी तिचं डोकं आपोआप रिकामं व्हायचं. आज झालं नाही. काचेच्या छतातून उन्हाचे चौकोन तळाच्या फरश्यांवर हलत होते, क्लोरीन नाकाशी चुरचुरत होतं, आणि ती एकीकडे पोटाखाली हात धरून पोरांना तरंगवत होती, एकीकडे बावन्न, बावन्न करत होती. भिंतीला धरून आडवी आडवी सरकणारी एक मुलगी होती. बाकीच्यांनी तिचं नाव खेकडा ठेवलं होतं, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट कुणी नावाने हाक मारली तर तीच सांगायची, मी खेकडा. पूर्ण तलावाला ती कडेकडेने प्रदक्षिणा घाली, पण भिंत सोडत नसे. आज बाईंनी तिच्यासमोर दोन्ही हात पसरले आणि नेहमीसारखं सांगितलं, की पाण्याशी भांडायचं नाही, मान मागे टाकायची, कान बुडू द्यायचे, पाणी उचलतं. खेकड्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोडलं तर काय मिळेल?" प्रश्न खरा होता, उद्धटपणा नव्हता. सगळीकडे काहीतरी मिळतं, मग इथे काय मिळतं, एवढंच. बाई म्हणाल्या, काही मिळत नाही, तरंगायला येतं. खेकड्याने थोडा विचार केला आणि ती पुन्हा आडवी सरकू लागली.

आठवड्यापूर्वी तलावाचा नवा व्यवस्थापकही साधारण हेच म्हणाला होता. तरुण होता, चांगला होता, पाण्याला मात्र घाबरत असावा. काठापासून चार हात लांब उभा राहून बोलायचा. त्याचं म्हणणं असं, की लाल टोपी म्हणजे पोहता येत नाही आणि पांढरी टोपी म्हणजे येतं, या दोनच पायऱ्यांत मुलं कंटाळतात आणि पालकही. मध्ये टोपीवर लावायच्या बेडूक, बदक, मासा अशा चित्रांच्या चिकटपट्ट्या ठेवू. गाल बुडवले की बेडूक. पुढे सरकल्याचा आनंद मिळाला पाहिजे ना, ताई. तिने विचारलं होतं, आणि मासा झाल्यावर? तर म्हणे, माशाचेही तीन प्रकार करता येतील. तेव्हा ती हसून बघू म्हणाली होती. पाण्यावर तरंगणं हप्त्याहप्त्याने येत नाही हे त्याला कसं समजवायचं ते तिला सुचलं नव्हतं. मूल महिनोन्महिने भिंतीला धरून असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. आणि एक दिवस ते सोडतं. त्याच्या आधल्या दिवशी त्याला कुठली चिकटपट्टी लावायची?

आई गेली त्या दिवशीही ती याच पाण्यात होती. बॅच चालू असताना कचेरीत फोन आला होता. कारकुनाने निरोप घेतला आणि बॅच संपल्यावर दिला: दवाखान्यातून तुमच्या दादांचा फोन होता, क्लास झाला की या म्हणालेत. घाई आहे असं म्हणाले का? नाही, तसं काही म्हणाले नाहीत. ती ओल्या केसांनी गेली. लिफ्टसमोर रांग होती म्हणून जिना चढून गेली. खाटेवरची चादर सरळ केलेली होती. दादा खिडकीशी उभा होता, पाठमोरा. आईचे पाय अजून कोमट होते, तिने हात लावून पाहिला होता, आणि त्या कोमटपणाने तिचं डोकं फिरलं. म्हणजे आत्ता. म्हणजे ती बॅचच्या पोरांना पाय मारा, पाय मारा म्हणून सांगत होती तेव्हा. लगेच का नाही बोलावलंस, असं तिने विचारलं. क्लास चालू होता ना, असं तो म्हणाला. एवढंच. जशी काही ती भाजी निवडत होती, जरा थांबून आली असती तरी चाललं असतं. मग ती बोलत गेली, वॉर्डमधून जिन्यापर्यंत, नर्स वळून बघत होत्या तरी. तुला लिफ्टचं तेवढं कळतं, माणसाचं काही कळत नाही, असंही म्हणाली. तो ऐकून घेत होता. जिन्याच्या वळणावर तो थांबला आणि शांतपणे म्हणाला, मला आता फोन करू नकोस. तो सहसा कुणाला काही करू नको म्हणून सांगत नसे, म्हणून तिने ते पाळलं.

बॅच संपली. पुढच्या बॅचला वेळ होता. ती टॉवेल गुंडाळून फोन घेऊन बसली आणि सेवकाला काढून कसं टाकायचं ते शोधू लागली, कारण दुसरी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. आज सकाळपर्यंत तिची पिशवी तिची होती. उद्यापासून ती पाय घसरून न्हाणीघरात पडली तरी त्याच्या फाटकाशी पिशवी जाईल. सेवकाच्या टोपीवर बोट ठेवलं की एक पाटी उघडत होती. तिच्यावर लिहिलं होतं, सेवकाला सुट्टी द्यायची असल्यास पातळी पंचावन्न आवश्यक. तिला एकटीलाच हसू फुटलं. म्हणजे आणखी पाच पातळ्या बटाटे काढायचे, खिळे वेचायचे, कुदळीला धार लावायची, कशासाठी, तर काल जे हाताने करत होतो ते परत हाताने करता यावं म्हणून. आणि तोही बावन्नवरच होता. त्यालाही सेवकाला सुट्टी देता आली नसती. दोन्ही घरांत माणूस नाही आणि दोघांचे गडी आपले इमानाने शेजारधर्म सांभाळताहेत, असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं. हसू तिथेच थांबलं. दोन्ही घरांत माणूस नाही. तिच्या घरात तर होतं. त्याच्या?

तिच्या हातात फोन होता. तो पहिल्यापासून हातातच होता, बटाटे काढायचे तेही त्याच्यावरच. नंबर दोन बोटांच्या अंतरावर होता, आणि तो दाबायला नको म्हणून तिने एवढी जमीन खणली होती. हे काही तिला आज कळलं असं नाही. पण पत्रपेटी होती तोवर ते कळूनही चालत होतं. नंबर लावला आणि त्याने उचलला नाही तर तो नकार ठरला असता. पेटीत टाकलेल्या शब्दांना उत्तर आलं नाही तर म्हणता आलं असतं, अजून उघडली नसेल. आता साठावी पातळी. तिने मनात हिशेब करू पाहिला आणि सोडून दिला. क्लोरीनची पिंपं ठेवतात त्या बोळात ती गेली, एका पिंपावर बसली आणि तिने नंबर लावला. घंटा वाजत राहिली.

"बोला," दादा म्हणाला.

आवाज तोच होता, जरा बसलेला. तो जिवंत होता, खुर्चीत होता, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती. तिच्या अंगातला ताण एकदम उतरला आणि पत्रपेटीसाठी जुळवलेलं वाक्य त्याबरोबर वाहून गेलं. बोला हा शब्द त्याने तिच्याशी जन्मात कधी वापरला नव्हता. लिफ्ट बंद पडली म्हणून तक्रार करणाऱ्या सोसायट्यांशी तो असं बोलायचा.

"दादा, तू बाग लावतोस ना अजून?" तिने विचारलं.

"कसली बाग? तिसऱ्या मजल्यावर राहतो मी."

"फोनवरची. बटाट्यांची."

"ते होय. ते सोडलं मी कधीच. डोळे चुरचुरायला लागले त्याने. का?"

"तुझ्याकडून रोज पिशवी येते."

"माझ्याकडून काही येत नाही," तो म्हणाला, अगदी जुन्या सवयीने, जबाबदारी झटकल्यासारखा. "कंपनीकडून येत असेल."

तिने पिंपाच्या झाकणावरची बारीक पांढरी भुकटी बोटाने एका बाजूला केली. खरं म्हणजे तिला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याहून जास्त एक विचित्र गोष्ट तिच्या हळूहळू ध्यानात येत होती. गेला इतका काळ ती त्याच्याशी रोज थोडं थोडं गोड होत आली होती, आणि त्यातलं त्याला काहीही माहीत नव्हतं. ती इथे येऊन पोचली होती आणि तो अजून दवाखान्याच्या जिन्यावर, त्या वळणावरच उभा होता. तो झालेला समेट तिचा एकटीचा होता. पण म्हणून काही तो खोटा ठरत नव्हता. राग शोधला तर सापडत नव्हता, पिशव्या कुणी का पाठवलेल्या असेनात. पहिल्या दिवशी काठावर उभं राहून पाण्याकडे संशयाने बघणारं मूल असतं, तसा तो तिला वाटला. त्याच्याशी घाईने बोलून उपयोग नव्हता.

"फोन करू नकोस म्हटलं होतं मी," तो म्हणाला.

"म्हटलं होतंस."

"मग?"

"मग केला."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. तिने विचारलं, वहिनी बऱ्या आहेत ना. तो बरी आहे म्हणाला. गुडघे? आहेत, असं म्हणाला. तू? मीही आहे, ती म्हणाली. असं दोन्हीकडून एकेक दगड ठेवत ते बोलत होते तेवढ्यात दारातून पुढच्या बॅचची मुलं आत घुसली आणि बोळ त्यांच्या चपलांच्या फटफटीने भरून गेला.

"कसला गोंगाट?" दादाने विचारलं.

"मुलं आलीत. पुढची बॅच."

"मग ठेव." त्याचा आवाज एकदम बदलला. रुसवा त्यातून निघून गेला आणि कामावरचा माणूस बोलू लागला. "ठेव तू. नंतर बोलू."

"अरे, वेळ आहे अजून. डोळे चुरचुरतात म्हणजे काय? दाखवलेस का कुणाला?"

"दाखवले."

"मग काय म्हणाले?"

"वर आल्यावर सांगतो." मग त्याने स्वतःच दुरुस्ती केली, "म्हणजे, तुझं झाल्यावर."

"दादा, आत्ता सांग."

"नाही." समजावून सांगणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. त्याला वाक्यं एकेक करून बाहेर काढावी लागत. "शाफ्टमध्ये उतरलेल्या माणसाला घरचं काही सांगायचं नसतं. लिफ्ट वरखाली जाते ती पोकळी असते ना, तिच्यात माणूस असला की बरं असो, वाईट असो, कुणी तोंड उघडत नाही. आमच्यात सगळे पाळतात. माझा मुलगा झाला तेसुद्धा मला वर येऊन हात धुतल्यावर सांगितलं. खाली असताना सांगितलं की हात एकीकडे न् डोकं एकीकडे होतं. आणि तुझ्याकडे तर पोरं."

बोळाच्या टोकाला मुलांच्या टोप्या दिसत होत्या, लाल आणि पांढऱ्या.

"त्या दिवशीही म्हणूनच?" तिने विचारलं.

"त्या दिवशीही. तू पाण्यात होतीस."

"मला हे का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. तू ओरडत होतीस." तो त्याच सपाट आवाजात म्हणाला, "आईला अजून वेळ आहे असं मला वाटलं होतं. दुपारपर्यंत तरी. त्यात माझं चुकलं. बाकीच्यात नाही."

तिने फक्त बरं म्हटलं. तो म्हणाला, जा, मी फोनजवळच आहे, आणि त्याने फोन ठेवून दिला.

ती पाण्यात उतरली. ही बॅच मोठ्या मुलांची होती, तळाशी टाकलेल्या रबरी कड्या बुडी मारून वर आणणारी. सोपं काम, एरवी ती काठावरूनही बघायची. आज ती मध्यभागी उभी राहिली. एक मूल खाली गेलं की दुसऱ्याचं डोकं वर येई, आणि मधल्या क्षणात तिच्या मनात डोळे येत. चुरचुरतात म्हणाला. दाखवले म्हणाला. चष्म्याचं असतं तर सांगून टाकलं असतं त्याने, त्याला काय एवढं. एक डोळा की दोन्ही? वहिनींना माहीत असेल का? मग ती दचकून मुलांकडे बघे आणि डोकी मोजे, पाण्याबाहेरची, पाण्याखालची सावली धरून. हात एकीकडे न् डोकं एकीकडे. दोन शब्दांचीच माहिती तिच्याकडे होती आणि तेवढ्याने पाणी गढूळ झालं होतं. त्या दिवशी सगळंच सांगितलं असतं तर ती या पाण्यातून कशी बाहेर पडली असती, कुणाला कुठे सोडून, हे तिने प्रामाणिकपणे डोळ्यांसमोर आणून पाहिलं. चित्र चांगलं नव्हतं. तरीही आईचे पाय कोमट होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि एकीने दुसरी पुसली जात नव्हती. एका मुलाच्या नाकात पाणी गेलं. तो खोकत वर आला तेव्हा तिचा हात त्याच्या पाठीशी आधीच पोचलेला होता, कसा ते तिलाही कळलं नाही. तिने त्याला काठाला लावलं, श्वास घेऊ दिला, आणि परत जायचंय का असं विचारलं. तो हो म्हणाला. तिने बॅच लवकर सोडली नाही. मनातून ज्या ज्या क्षणी शिट्टी वाजवावीशी वाटली त्या क्षणी वाजवली नाही, जेव्हा वाजवायची तेव्हाच वाजवली.

व्यवस्थापक काठापासून लांब उभा होता, हातात बेडकांच्या चिकटपट्ट्यांचा कागद घेऊन. नमुने आलेत, ताई, एकदा बघून घेता का, असं म्हणाला. तिने सांगितलं की मला ते नको आहे, का नको ते उद्या सकाळी पाण्यात उतरून सांगते, तुम्हीही उतरा. तो हसला आणि मग ती थट्टा करत नाही हे बघून हसायचा थांबला. शेवटची मुलगी शिडीवरून वर आली. ती एका हाताने कडी आणि दुसऱ्याने निसटणारी टोपी धरून होती. तिच्या मागून बाई वर आल्या, नळाखाली हात धुतले, टॉवेलने बोटं एकेक करून कोरडी केली आणि बोळातल्या पिंपावर जाऊन बसल्या. फोनच्या पडद्यावर सेवकाने काहीतरी केल्याचा निरोप झळकत होता. तिने तो न वाचता बाजूला सारला आणि नंबर लावला. घंटा पुरती वाजलीही नाही.

"सगळी बाहेर आली?" दादाने विचारलं.

"सगळी."

"मोजलीस?"

"मोजली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादाने घसा साफ केला.

"मग ऐक," तो म्हणाला.